जाणाऱ्यांची वाटी

मुलांनो, एक तळं डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. तुमच्या शाळेतले दोन वर्ग मधली भिंत काढून एकत्र केले तर जेवढी जागा होईल, तेवढंच. खोली मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत. चारी बाजूंनी मातीचा बांध, बांधावर गवत, एका टोकाला पत्र्याची शेड, आणि पाण्याच्या मधोमध कारंज्यासारखं थोडंसं पाणी उडवणारा एक छोटा पंप. आता सांगा, या तळ्यात बोटाएवढे मासे किती मावतील? घाई करू नका. ‘पुष्कळ’ हे काही उत्तर नाही, आकडा हवा. मनातल्या मनात एक आकडा धरा आणि चला माझ्याबरोबर.

या तळ्याच्या बांधावर त्या सुट्टीत एक दहा वर्षांची मुलगी रोज येऊन बसायची. तिला सगळे भिंगरी म्हणत. दोन मिनिटं एका जागी ठरायची नाही, म्हणून आजोबांनीच ठेवलेलं नाव. पण तळ्याकाठी बसली की ही भिंगरी कुणीतरी बोट लावून थांबवल्यासारखी गप्प व्हायची. तिचे आईबाबा कामाला दूरच्या शहरात होते. सुट्टी लागली की ते तिला आत्याकडे पाठवत, आणि आत्याचं घर म्हणजे नावालाच घर. तिचा सगळा दिवस या शेडमध्ये जायचा. टाक्यांमध्ये माशांची अंडी उबवायची, निघालेली पिल्लं या तळ्यात वाढवायची आणि बोटाएवढी झाली की बांधापलीकडच्या मोठ्या तलावात सोडायची, हे तिचं काम.

आजोबाही रोज यायचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मदतीला, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे अडचणीला. जन्मभर त्यांनी त्या तलावात जाळं टाकलं होतं. आता डोळ्यांत सारा उतरून दिसेनासं झालं होतं. माणूस ते आवाजावरून ओळखत, मासा हातावरून.

त्या वर्षी टाक्यांत होती काळपाठी. पाठ तव्यासारखी काळी आणि पोट नव्या ताटासारखं चकचकीत, असा हा मासा. आजोबांच्या तरुणपणी तलावात इतका असायचा, की वल्हं मारलं तर पाण्याआधी माशाला लागायचं. गेल्या आठ वर्षांत मात्र तो तलावात कुणालाच दिसला नव्हता. आत्याने ओढ्यांतून, डबक्यांतून, झाडांच्या मुळांखालून शोधशोधून सहा माद्या आणि नऊ नर मिळवले. वर्षभर त्यांना टाकीत जपलं. त्यांतल्या चार माद्यांनी यंदा अंडी दिली. दिली आणि दमून एकेक करत गेल्या. उरलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांच्याकडून काही आशा नव्हती. म्हणजे आत्याला ठाऊक असलेल्या जगात जेवढ्या काळपाठी उरल्या होत्या, त्या आता या पिल्लांच्या रूपाने होत्या. जगली तर तलावात पुन्हा काळपाठी दिसणार होती. नाहीतर संपलं.

“पण आत्या, चारच माद्या आणि एवढी पिल्लं?” भिंगरीने टाकीत डोकावत विचारलं होतं. टाकीतलं पाणी नुसतं वळवळत होतं.

“एवढी कुठली? एकेका मादीच्या पोटात पन्नास हजार अंडी असतात. वीसांतल्या एखाद्याचंच पिल्लू होऊन टिकतं.”

“पन्नास हजार! मग तर तलाव एका वर्षात भरून जाईल.”

आजोबा दारातल्या पायरीवर जाळ्याची गाठ चाचपत बसले होते. ते हसले. “ये इकडे. तुला आमची शाळा शिकवतो. एका मादीची पन्नास हजार अंडी. त्यातली मोठी होऊन, पुन्हा अंडी घालायला किती यायची, सांग.”

“दहा हजार?”

“दोन.”

“दोन हजार?”

“नुसती दोन. एक आईच्या जागी, एक बापाच्या जागी. तलाव होता तेवढाच राहिला.”

“आणि बाकीची?”

“बाकीची जातात. कुणी बेडकाच्या पोटात, कुणी बगळ्याच्या, कुणी मोठ्या माशाच्या. कुणाला खायला पुरत नाही, कुणाला रोग. जातात बापडी.”

भिंगरीने बोटांवर मोजून पाहिलं. “आणि दोनाच्या जागी तीन उरली तर?”

“तर मासा वाढत जातो,” आत्या टाकी पुसता पुसता म्हणाली. “वाढतो, वाढतो, आणि मग काहीतरी कमी पडायला लागतं. आधी काय कमी पडेल हे आपल्याला कळत नाही, त्याची हीच खोड आहे. खाणं कमी पडेल असं वाटत असतं, आणि कमी पडते जागा. जागा आहे म्हणावं तर भलतंच काही. मग पुन्हा दोनावर येतं.”

“आणि दोनाच्या जागी एकच उरला तर?”

 आत्याने वडिलांकडे पाहिलं. आजोबा जाळ्याकडे तोंड करून म्हणाले, “ते आम्ही केलं, पोरी. अंडी घालायला मासा उथळ पाण्यात यायचा, तेव्हाच जाळी लावली. पोटुशी मादी जड असते, पळत नाही, हाताला लगेच येते. कुणीतरी म्हणायचं होतं, थांबू या. मीही म्हटलं नाही.”

तेव्हापासून भिंगरी मनातल्या मनात त्या दोन माशांना धरून बसली. पन्नास हजारांतली दोनच का? आपण बसलो ना राखणीला!

पिल्लं तळ्यात सोडायचा दिवस आला. मोजायला तिथे एक पितळेची भोकाभोकांची वाटी होती. भरून काढली की पाणी गळून जायचं आणि आत पाचशेच्या आसपास पिल्लं उरायची. आत्याने तळ्याचं माप सांगून ठेवलं होतं. या पाण्यात बोटाएवढी पाच हजार सुखाने राहतील. म्हणजे दहा वाट्या. पण या कामातली जुनी रीत अशी, की दहा वाट्या टाकल्या की वर तीन वाट्या आणखी टाकायच्या. महिन्याभरात जी जाणार, त्यांच्या नावाच्या. तिला म्हणायचे जाणाऱ्यांची वाटी. आत्यानेही तेरा टाकल्या. टाकीत सात वाट्यांएवढी पिल्लं उरली, ती बादलीत भरून तिने आजोबांच्या हातात दिली.

“बाबा, ही थेट तलावात सोडून या. जगतील तेवढी जगतील.”

“एवढीएवढीशी? तिथे तोंडं उघडून बसलेत सगळे.”

“तिथली तोंडं उपाशी राहिली तर तलाव कसा चालेल? जा बरं. आणि बांधावरून जपून, पडाल.”

आजोबा बादली घेऊन निघाले. भिंगरी त्यांचं बोट धरून वाट दाखवायला गेली. बांधाच्या वळणावर, काठच्या उंबराआड शेड दिसेनाशी झाली तिथे आजोबा थांबले. त्यांनी बादलीत हात घातला, पिल्लं हाताच्या पाठीवरून सळसळत गेली. मग तलावाकडे पाठ करून ते उकिडवे बसले आणि सगळी बादली हळूच तळ्यात ओतली.

“आजोबा!”

“शू. तुझ्या आत्याला गणित येतं, मला मासा येतो. चार पिल्लं जास्त झाली तर तळं काही फुटत नाही.”

चार कसली, साडेतीन हजार होती. पण भिंगरीला इतका आनंद झाला, की तिने त्यांच्या गळ्यात हातच टाकले.

त्यानंतर महिनाभर त्या पोरीने जी राखण केली, तशी मोठ्या माणसानेही केली नसती. बांधाभोवती दोरी बांधून तिला रिकामे डबे टांगले. बगळा उतरला की दोरी ओढायची, डबे खडखडायचे, बगळा आल्या पावली परत. पाण्यातले काळे किडे पिल्लांना धरून शोषतात असं कळल्यावर तिने गाळणीने एकेक किडा वेचला. बेडूक पकडून बादलीतून ओढ्यावर नेऊन सोडले. एका पाणसापाच्या मागे ती तिन्हीसांजेपर्यंत काठी घेऊन होती.

“अगं, बगळ्यालाही पोट आहे,” आत्या म्हणायची. “थोडं खेळायला जात जा. तुझी आई मला विचारेल, पोरगी एवढी काळी कशी झाली.”

“सांग, काळपाठी झाली म्हणून,” भिंगरी म्हणायची, आणि आजोबा गुडघ्यावर थाप मारून हसायचे.

जाणाऱ्यांच्या नावाची वाटी टाकली होती खरी, पण त्या वर्षी कुणी गेलंच नाही.

महिना झाला. पिल्लं बोटाएवढी होत आली. तलावात सोडण्याजोगी व्हायला आणखी पंधरा दिवस हवे होते. आत्या सकाळी पाण्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “मला जास्त वाटतायत. मोजून बघू या. बाबा, एका जाळ्यात चाळीसच्या वर भरली तर उद्याच अर्धी काढून तलावात सोडायची. आणि पलीकडच्या गावच्या मत्स्यबीज केंद्रातून दुसरा पंप मागवायचा.”

तिची मोजायची रीत सोपी होती. चौकटीचं एक जाळं पाण्यात सोडायचं, शंभरपर्यंत अंक म्हणायचे, उचलायचं आणि आतले मासे मोजायचे. तीन जागी तसं करायचं. तीस भरले तर तळ्यात पाच हजार. साठ भरले तर दहा.

“अर्धी तलावात म्हणजे कुणाच्या तरी पोटात,” आजोबा म्हणाले. “अजून कवळी आहेत. पंधरा दिवस थांबलीस तर काय बिघडतं?”

“काय बिघडेल ते मला आधी सांगता येत नाही, म्हणूनच मोजायचं.” आत्याने जाळं भिंगरीच्या हातात दिलं. “तू मोज. तुझ्याइतकं चोख कुणाला जमत नाही. मी तोवर टाकी धुते.”

ते खरंच होतं. भिंगरी मोजायची तेव्हा एकसुद्धा इकडचा तिकडे व्हायचा नाही.

तिने जाळं सोडलं, शंभर म्हटले, उचललं. अठ्ठावन्न. पंपाजवळ एकसष्ट. उंबराखाली सत्तावन्न. जाळ्यात ते मासे उन्हात उड्या मारत होते, आणि त्यांतला प्रत्येक आपण ओळखतो असं तिला वाटत होतं. शेडमधून बादल्यांचा आवाज येत होता. तिने मासे पाण्यात सोडले, जाळं झटकलं आणि दारात जाऊन म्हणाली,

“एकतीस, एकोणतीस, तीस.”

आत्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. “वा! पुस्तकातल्या उदाहरणासारखं आलं की गं. मग माझेच डोळे बाबांच्या वाटेने निघाले म्हणायचे. राहू दे तर. पंपही एकच पुरे.”

 आजोबांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तिला जरा जड वाटला.

एक खोटं बोललं की त्याच्या मागे दुसरं करावं लागतं. आत्याने पाच हजारांना पुरेल एवढं खाणं ठरवून दिलं होतं, रोज दोन मग. खरी तोंडं किती आहेत हे भिंगरीला माहीत होतं. ती चार मग टाकू लागली. चांगलंच केलं असं तिला वाटलं. कुणी उपाशी राहायला नको. पण सगळं काही खाल्लं जात नव्हतं. उरलेलं खाली बसत होतं आणि तळाशी कुजत होतं. पाणी हिरवं, मग गडद हिरवं झालं.

मग तीन दिवस आभाळ भरून राहिलं. पाऊस नाही, ऊन नाही, वारा तर अजिबात नाही. गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता भिंगरी बांधावर आली, तर तळ्यातून आवाज येत होता. चुळुक, चुळुक, चुळुक. हजारो लहान तोंडं पाण्याबाहेर येऊन हवा गिळत होती. पंपाभोवती तर मासे एकावर एक चढले होते. ती धावत जाऊन खाण्याचा मग घेऊन आली, कारण तोंडं उघडली म्हणजे भूक लागली, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने मग उलटा केला. कुणी खाल्लं नाही.

“आत्या!”

आत्या अनवाणी आली. एक नजर टाकली आणि बादली घेऊन सरळ पाण्यात उतरली. बादलीने पाणी उचलून उंचावरून आपटायला लागली, म्हणजे हवा मिसळावी. “बाबा, फळी घ्या, पाणी हलवा! भिंगरे, मग टाक, बादली घे! त्यांना श्वास पुरत नाहीये!”

तिघं पाणी आपटत राहिले. हात भरून आले, तरी आपटत राहिले. सूर्य वर आला तेव्हा चुळुक चुळुक थांबलं होतं. तळं पांढरं दिसत होतं. काळ्या पाठी सगळ्या खाली गेल्या होत्या आणि वर आली होती ती पोटं.

पंपाच्या पाण्याखाली तेवढी काही हलत होती. असतील तीनचारशे.

आत्या बांधावर बसली. तिच्या कोपरांतून पाणी ठिबकत होतं.  मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उजेडात श्वासाला लागणारी हवा करतं आणि अंधारात तीच हवा स्वतः वापरतं. तीन दिवस उजेडच नव्हता. ते मला माहीत होतं. पण पाच हजारांना पुरायला हवी होती. पाच हजारांना पुरतेच.” तिने पंप चालूच ठेवून दोरीने काठाशी ओढला आणि त्याच्या तोंडावरची जाळी काढून घेतली. जाळी स्वच्छ होती. “म्हणजे माझं मापच चुकलं. माझी मोजायची रीतच खोटी. बाबा, वर्षभर मी कुठल्या भरवशावर हे करत होते? मत्स्यखात्याच्या ऑफिसला तसं कळवते. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या हाती द्या म्हणावं.”

“पुढची वेळ कुठली,” आजोबा पुटपुटले. 

आता पाहा, मुलांनो. भिंगरी गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मेलेल्या माशांची कुणी जबानी घेत नाही.  पण आत्या त्या स्वच्छ जाळीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती, नसलेला कचरा शोधत, आणि ते भिंगरीला बघवेना.

“अठ्ठावन्न होती,” ती म्हणाली.

“काय?”

“अठ्ठावन्न, एकसष्ट आणि सत्तावन्न. मी तीस सांगितली. तू अर्धी सोडली असतीस म्हणून.” आणि मग, एकदा सुरू झाल्यावर, सगळंच बाहेर आलं. “खाणंपण मी चार मग टाकत होते. मला वाटलं, भूक लागेल.”

आत्याने हात थांबवला. ती रागावेल, ओरडेल, म्हणून भिंगरीने डोळे मिटले होते. पण बोलले ते आजोबा.

“तिला काही म्हणू नकोस. बादली मी तळ्यात ओतली. सातही वाट्या. तिने पाहिलं, मीच गप्प केलं तिला.” त्यांनी काठी मातीत रोवली. “एकदा माझ्या हाताने संपवली होती. म्हटलं, या वेळी एकही जाऊ द्यायची नाही.”

 बगळा समोरच्या काठावर येऊन उतरला होता, कुणी दोरी ओढली नाही.

“तुम्ही दोघांनी मला सांगायचं होतं,” आत्या अखेर म्हणाली. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला. “मी काय त्यांची वैरीण होते?”

तिने चेहरा पदराने पुसला आणि उठली. “मी पलीकडच्या केंद्रातून दुसरा पंप आणते. यायला दुपार होईल. मेलेली तशीच राहिली तर कुजतील, आणि कुजताना आहे तोही श्वास घेतील. मग उरलेली संध्याकाळपर्यंत जातील. कुणीतरी काढायला हवीत.” कुणी काढायची हे तिने सांगितलं नाही. सायकल घेतली आणि निघून गेली.

आजोबा काठी टेकत पाण्याशी आले, वाकले, आणि हाताला आलेला पहिला मासा उचलला. तो अजून तोंड उघडत होता. त्यांना ते दिसलं नाही, त्यांनी तो मेलेल्यांच्या टोपलीकडे नेला.

“आजोबा, तो जिवंत आहे,” भिंगरी म्हणाली.

त्यांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी ओंजळ तिच्यापुढे धरली आणि बांधावर बसून राहिले. त्या कामाला डोळे लागणार होते.

भिंगरीने फ्रॉकचा घोळ कमरेला खोचला आणि तळ्यात उतरली. पाणी तिच्या गळ्याशी आलं. तिने ओंजळीतला मासा पंपाखाली सोडला. मग जवळचा दुसरा उचलला, डोळ्यांसमोर धरला, त्याचे कल्ले हलतात का ते पाहत तिथल्या तिथे वीसपर्यंत अंक म्हटले. हलले नाहीत. तिने तो टोपलीत ठेवला, आणि पुढचा उचलला.